सगळ्या फोनांना लागू

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एका फोनचा फोटो होता. फोन जुना, काच कोपऱ्यात तडकलेली, आणि धरणाऱ्याचा अंगठाही फोटोत आलेला. खाली एका बाईंनी लिहिलं होतं, ‘माझ्या बाबांनी हेच पाहिलं. यात पाळी बदलल्याचं कुठे लिहिलंय, ते मला दाखवा.’

डायलिसिसच्या पेशंटांना पाळी कळवणारं ते अ‍ॅप याच ऑफिसात तयार व्हायचं. म्हातारबुवांची पाळी दोन दिवस आधी घेतली होती. ते जुन्याच दिवशी गेले आणि आठवड्याच्या आत वारले.

"भिंगकाका, तुम्ही बघा बरं," मॅडम म्हणाल्या.

भिंग हे त्याचं ऑफिसातलं नाव. अकरा वर्षं तो आणि शेजारच्या टेबलावरची ताई, दोघं अ‍ॅपची पानं डोळ्यांत तेल घालून बघत आले होते. अक्षर कापलं गेलं, बटण सरकलं, रंग जरा फिका पडला, काही म्हणून नजरेतून सुटायचं नाही. ताईच्या खणात सात जुने फोन असायचे. बाहेर द्यायच्या आधी प्रत्येक पान सातही फोनांवर, लहान अक्षरांत आणि मोठ्या अक्षरांत बघायचं, असा तिचा नेम. त्यातला सर्वांत लहान फोन ती शेवटी काढायची आणि म्हणायची, "आता सासूबाईंना दाखवूया." सासूबाईंना पसंत पडलं की सुटलो, असं दोघं मानत.

मग यंत्र आलं. ते रोज सकाळी तीनशे फोनांवर प्रत्येक पानाचा फोटो काढायचं आणि भिंगने मान्य केलेल्या फोटोशी ठिपका न् ठिपका ताडून बघायचं. फरक दिसला की लाल, नाहीतर हिरवं. ताईला घरी पाठवलं. फोन खोक्यात गेले. भिंगला ठेवलं, कारण मान्य म्हणायला कुणीतरी माणूस लागतं.

तो उठून पडद्याजवळ गेला. बघायला कसला वेळ लागतोय! मोठ्या अक्षरांमुळे वरची पट्टी फुगली होती आणि पाळी बदलल्याची ओळ तिच्याखाली गडप झाली होती. सासूबाईंनी हे एका नजरेत पकडलं असतं. पण यंत्र महिनाभर हिरवं दाखवत होतं, आणि का, ते भिंगला तिथे उभ्या उभ्या कळलं.

त्या पट्टीत घड्याळ होतं. घड्याळ बदलणारच, त्यामुळे रोज सकाळी चाळीसेक पानं उगाच लाल व्हायची आणि एकेक उघडून बघावी लागायची. अशा जागी करड्या रंगाचं ठिगळ लावता येतं. ठिगळाखालचं यंत्र बघत नाही. ताई गेल्यापासून भिंगचं त्या यंत्राशी वाकडंच होतं. एके सकाळी तो वैतागला, घड्याळावर चांगलं ऐसपैस ठिगळ ओढलं, आणि ‘सगळ्या फोनांना लागू’ या चौकोनात खूण करून मोकळा झाला. मोठ्या फोनवर त्याखाली घड्याळच होतं. लहान फोनवर मोठ्या अक्षरांत ती आख्खी ओळ त्याखाली येत होती. ते त्याने बघितलंच नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा बघितलं नाही.

ठिगळ मॅडमच्याही नजरेला आलं होतं. दार लावून घेऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यंत्राने पकडलं नाही, एवढंच लिहून द्या. ठिगळाच्या नोंदीत नुसतं ‘टेस्टिंग विभाग’ आहे, कुणाचं नाव नाही. आणि खरं सांगू? यंत्रावर शेकलं, तर तुमची जुनी पद्धत परत आणता येईल. ताईंनाही बोलावता येईल."

ही बातमी ताईपर्यंत पोहोचायला तासही लागला नाही. जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला.

"काय हो भिंग, खरं का? यंत्र तोंडावर आपटलं म्हणे!"

"एक माणूस गेला, ताई."

"अहो, ऐकलं ते. वाईटच झालं. पण मी तेव्हाच म्हणत होते की नाही? लिहून द्या पटकन. घरी बसून माझं डोकं फिरायची वेळ आलीये."

त्याने ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. डबा तसाच परत बांधला. लिहायला बसला, तेव्हा पहिली ओळ त्याने खरंच मॅडमनी सांगितली तशी लिहिली. मग तो अंगठ्याचा फोटो पुन्हा उघडला. ते यंत्र त्याला कधी आवडलं नव्हतं, पण त्याला जेवढं बघू दिलं, तेवढं ते इमानाने बघत होतं. त्याने ओळ खोडली आणि कागद घेऊन आत गेला.

"ठिगळ मी लावलं. खूणही मीच केली."

"काका, कशाला पायावर धोंडा मारून घेताय?"

"त्या बाईंनी विचारलंय, ओळ कुठे आहे ते दाखवा. त्यांना हे दाखवा."

मॅडमनी कागद वाचला आणि उलटा करून ठेवला. त्या बाईंना पुढे काय कळवलं, ते त्याला कुणी सांगितलं नाही. महिनाअखेरीस त्याचं टेबल रिकामं झालं. ठिगळ काढलं, पट्टी दुरुस्त झाली, यंत्र राहिलं. ताईला कुणी बोलावलं नाही. तिने त्याचा फोन घेणं बंद केलं, आणि यात तिचं काही चुकलं असं त्याला वाटलं नाही.

निघताना त्याने खोक्यातला तो लहान फोन मागितला. "न्या की. इथे कुणाला हवाय?" असं उत्तर आलं.

आता रोज सकाळी, चहाच्याही आधी, तो खिडकीशी बसून सासूबाईंना हातात घेतो. तपासणीसाठी केलेला एक खोटा पेशंट त्यात अजून चालू आहे. वय सत्तर, अक्षरं सर्वांत मोठी, पाळी कायम बदललेली. भिंग ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचतो. बायकोने पहिले काही दिवस डोक्याला हात लावला. मग तीही चहा गाळता गाळता विचारायला लागली, "दिसतंय का?"

"दिसतंय."

एका सकाळी त्याने अ‍ॅप उघडलं, तर पांढऱ्या पानावर एकच ओळ होती, ‘हा पेशंट आता नोंदीत नाही.’ खोटी नावं पुसायचं कुणाच्या तरी लक्षात आलं असणार. त्याने फोन उजेडात धरला. ओळ पट्टीखाली गेली नव्हती. एकही अक्षर कापलं गेलं नव्हतं.

"दिसतंय का हो?" आतून बायकोने विचारलं.

"दिसतंय," तो म्हणाला, आणि सदऱ्याच्या टोकाने काच पुसत बसला.