प्लास्टर निघालेला हात

बर्फावर जोडीने स्केटिंग करणारी दादा आणि छकुली ही भावंडं मास्तरांनीच घडवली होती. गेल्या महिन्यात दादाने छकुलीला उचलताना पाडलं आणि तिचं मनगट मोडलं. आता प्लास्टर निघून सराव पुन्हा सुरू झाला होता, पण दादा जवळ येऊन दर वेळी विचारायचा, "तयार आहेस ना?" तेवढ्यात वेग मरायचा आणि उचलणं राहून जायचं.

असंच चाललं तर जोडी मोडावी लागणार, हे ओळखून मास्तरांनी दादाला थांबवलं.

"विचारू नकोस," ते म्हणाले. "तयार नसेल तर ती हात देणार नाही."

"आणि पुन्हा पडली तर?"

"तर माझ्याखाली तू ये, दादा," छकुली म्हणाली. "माझी हाडं काही बाजारात मिळत नाहीत."

तो हसला नाही. वळसा घेऊन, काही न विचारता, वेगात आला. छकुलीने तोच हात पुढे केला.