ओटीपोटातून आलेला निरोप

मित्रांनो, माझे वय चौतीस वर्षे. चेतापेशी म्हणून मी चांगलीच जुनी, कारण आमच्यातली एखादी गेली की तिच्या जागी सहसा नवी येत नाही. मेंदू जिथे मानेकडे उतरतो, त्या मस्तिष्कस्तंभात माझे घर आहे. माझे काम साधे: खालून आलेला निरोप घ्यायचा आणि वर पोहोचवायचा.

माझ्याकडे गर्भाशयाचे आणि त्याच्या आसपासचे निरोप येतात. ताण पडला, आवळले, दुखले, असे. खरे तर त्यांतले बरेचसे पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूतून वर जातात. माझे थोडे निरोप मात्र व्हेगस नावाच्या लांब नसेने येतात. ती कण्याच्या वाटेला जातच नाही. पोटातून, छातीतून, मानेतून थेट माझ्या दाराशी येते. कानाचे निरोप घेणाऱ्या पेशी माझ्यापासून फार लांब नाहीत, म्हणून बाहेरचे बोलणेही मला कळते.

मी जिच्या डोक्यात राहते ती बाई पुस्तके बांधते. छापील कागदांचे फर्मे दुमडायचे, शिवायचे, पाठीला सरस लावायचा. चार वर्षांपूर्वी माळ्यावरून कागदाचे गठ्ठे उतरवताना तिची शिडी सरकली. छातीच्या खाली कणा मोडला. पाय गेले, पोटावरचा स्पर्श गेला. मेरुरज्जूचे निरोप त्या दिवशी जे थांबले ते थांबलेच. वर्षभराने ती चाकाच्या खुर्चीत बसून कामावर परतली. मालक म्हणाले, "हिच्या हातची शिलाई उसवत नाही." त्या दिवशी ती खूप दिवसांनी हसली.

तरीही दर महिन्याला पाळीत तिच्या ओटीपोटात दुखे. मीच ते वर पोहोचवत असे. तिने डॉक्टरांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "भास आहे." तिने पुन्हा विषय काढला नाही.

मग तिला दिवस गेले. नवरा बेकरीची गाडी चालवतो. तो त्या आठवड्यात शीळ घालतच घरी येई. दुसरा महिना संपता संपता मात्र नसेतून असे निरोप येऊ लागले, जसे मी पूर्वी कधी घेतले नव्हते. मी एकामागून एक वर पाठवत राहिले.

"ओटीपोटात आवळल्यासारखं होतंय," तिने डॉक्टरांना सांगितले. "मळमळतंय. उजवा खांदापण दुखतोय."

डॉक्टरांनी तिच्या पोटाला टाचणी टोचली. "हे कळतंय?"

"नाही."

"मग आतलं कसं कळेल, बाई? खालून वर जाणारी तारच तुटलीय तुमची. या दिवसांत मन हळवं होतं. घरी जा, आराम करा."

टाचणीचा निरोप मेरुरज्जूतून जातो, तो माझ्याकडे येतच नाही. पण तिथे माझी आठवण कोणाला असणार?

"त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. चल," नवरा म्हणाला.

दोन दिवसांनी दुपारी तिची गर्भनलिका फुटली. गर्भ गर्भाशयात नव्हताच, नळीत वाढत होता. रक्ताचा दाब पाहणाऱ्या माझ्या शेजारणींनी एकच आकांत मांडला. तेवढ्यात धोबीखान्यातले काम आटोपून नणंद घरात आली.

"वहिनी, तोंड केवढं पांढरं पडलंय!"

"मला खरंच दुखतंय गं. कोणी ऐकतच नाही."

"मी ऐकतेय ना. दादा, गाडी काढ!"

"अगं, परवाच डॉक्टर म्हणाले..."

"पाव उतरव आणि गाडी काढ!"

पाव उतरवायलाही कोणी थांबले नाही. दुसऱ्या दवाखान्यात तिचे पोट उघडले तेव्हा ते रक्ताने भरलेले होते. नळी काढावी लागली. ती वाचली. मूल गेले.

ती शुद्धीवर आल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "दुखायला कधी लागलं होतं?"

"परवापासून. सांगितलं होतं मी."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतले. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "कणा मोडला तरी काही बायकांना आतलं कळतं. एक नस दुसऱ्या वाटेने जाते. यांनी सांगितलं ते खरं होतं."

नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मित्रांनो, एवढेच तुमच्या कानावर घालायचे होते. कोणी दुखते म्हणाले, तर आधी ऐकून घ्या. ते खरे की खोटे याचा निवाडा करायची घाई करू नका. आपले कोणी ऐकत नाही असे एकदा वाटले, की माणूस सांगायचेच सोडून देतो.

नवरा आता रोज गाडी काढण्याआधी तिच्या खुर्चीपाशी वाकतो. आज सकाळीही वाकला.

"दुखतंय का गं?"

पहाटेपासून मी कळांमागून कळा वर पाठवत होते. तिने दोरा दातांनी तोडला.

"नाही," ती म्हणाली.