बारा तुकडे, एकच रेघ

प्राध्यापक बाईंना विद्यार्थी माघारी ‘सूक्ष्मदर्शक’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. एआयच्या चिपमध्ये माहिती साठवणारा पातळ थर तयार करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. त्यामुळे त्यांच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलीने त्या थराच्या बारा तुकड्यांचे आलेख पुढे ठेवले, तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली. बाराही रेघा एकसारख्या; खऱ्या मोजणीत थोडा तरी फरक पडतोच. उजवीकडचा बारीक खड्डासुद्धा जिथल्या तिथे.

“सगळे तू स्वतः मोजलेस?”

“हो, मॅडम.”

मुलगी नजर चोरतेय, असं बाईंना वाटलं. दोन दिवस त्यांनी तिच्यावर पाळत ठेवली. आपण आलो की ही लॅपटॉप का मिटते? फोन घेऊन बाहेर का जाते?

“पोरगी मान मोडून काम करते हो,” प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ काका म्हणाले. काकाही सामील असतील का, इथपर्यंत बाईंची मजल गेली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मोजणीच्या यंत्रात बसवलेल्या बारा तुकड्यांतला पाचवा चिमट्याने काढून घेतला.

“आता पाचवा मोज.”

“पण तिथे काहीच नाहीये, मॅडम.”

“मोज म्हणते ना!”

पडद्यावर तीच रेघ उमटली. तोच खड्डा.

“साठवून ठेवलेली रेघ दाखवतेस मला?” बाई कडाडल्या.

मुलगी रडकुंडीला आली. काकांनी मात्र यंत्राचं झाकण उघडलं. एकेका तुकड्याला आळीपाळीने जोडणारा स्विच पहिल्यावरच अडकला होता. यंत्र बारा वेळा पहिलाच तुकडा मोजत होतं.

“कधीपासून?”

“शेवटची तपासणी चार वर्षांपूर्वीची,” काका चाचरत म्हणाले.

 तीन वर्षांपूर्वी याच यंत्रात बाईंनी एकाच वेळी चाळीस तुकडे बसवून मोजले होते. ‘सगळे अगदी एकसारखे वागतात’ या शोधनिबंधावर त्यांना मानाचा पुरस्कार मिळाला होता. त्यांनी जुने आलेख उघडले. चाळीस रेघा, जणू एकाच साच्यातल्या. तेव्हा त्यांना एकीचाही संशय आला नव्हता.

“चुकलं माझं,” त्या मुलीला म्हणाल्या. “माझा निबंध छापणाऱ्या संपादकांना पत्र लिहायला हवं.”

“आधी पुन्हा मोजून बघूया ना, मॅडम. कदाचित तुमचं बरोबरही असेल.”

“मोजू. पण पत्र आजच जाईल.”

दुपारी काकांनी स्विच बदलला. दुसऱ्या तुकड्याची रेघ पहिल्यापेक्षा पार निराळी निघाली. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि तिसरा लावायला सांगितला.