मोटरीच्या डबीतलं कार्ड

"वहिनी, शिव्या नंतर द्या. आधी सांगा, फुकट मिळतंय तर घ्यायचं की सोडायचं?"

चुलत दीर विहिरीच्या काठावरून विचारत होता आणि घरची थोरली सून मोटरीच्या पेटीसमोर पदराने घाम पुसत होती. या दिराचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते झोपेतच मिटायचं, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. विहीर दोन्ही घरांची, मोटरही दोन्ही घरांची, आणि मोटरीला जोडलेली फोनची डबीही सामाईकच. डबीत मोबाईलचं कार्ड असायचं. घरून त्या नंबरावर फोन लावायचा, एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. नवी कंपनी आली, बोलणं फुकट म्हणाली, आणि रेडिओने स्वतःच्या फोनबरोबर डबीचा नंबरही तिकडे नेला.

तेव्हापासून डबी मुकी झाली होती.

"भावजी, मोटरीला कुणाशी गप्पा मारायच्या होत्या?" थोरलीने विचारलं. "तुमच्याशी?"

"मला काय माहीत असं होईल. माझ्या फोनवर तर सिनेमा दिसतो."

"मग तो सिनेमा गव्हाला दाखवा. पाणी मागायचा विसरेल."

गहू चिकात आला होता. वारा कोरडा, जमिनीला बोटभर भेगा. हे पाणी चुकलं तर दाणा भरणार नव्हता, नुसता सुरकुतणार होता. विहीर खाली ओढ्याला, रान वर टेकाला. नवऱ्याचा गुडघा निकामी झाल्यापासून त्याला हा उतार जमत नव्हता. तो ओट्यावर बसून एक आणि दोन दाबायचा, थोरली रानात दारं धरायची, एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवायची. शेतीतलं तेवढंच काम त्याच्याकडे उरलं होतं. आता थोरली खाली मोटर चालू करून धापा टाकत वर पोचेपर्यंत पाट फुटून पाणी बांधाबाहेर गेलेलं असायचं. घरी आलं की नवरा म्हणायचा, "आज किती वाफे झाले?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच तोंड फिरवायचा.

शेवटी ती डबी पिशवीत घालून बाजारातल्या मोबाईलवाल्याकडे गेली. सोबत रेडिओलाही नेलं. मोबाईलवाल्याने डबी उघडून पाहिली.

"मावशी, हिला फक्त जुन्या लहरी कळतात. नव्या कंपनीच्या टॉवरवर त्या सोडतच नाहीत. कार्ड चांगलं, डबीही चांगली, पण एकमेकांचं काही कळत नाही."

"मग नंबर परत जुन्या कंपनीकडे न्या."

"तीन महिने नेता येत नाही."

"तीन महिन्यांत गव्हाचं पीठ होईल. नाहीतर भुसा."

"जुन्या कंपनीचं नवं कार्ड देतो. पण तीही जुन्या लहरी कमी करत चाललीय. नवीने गिऱ्हाईक ओढलं ना, आता हीसुद्धा त्याच जागेत वेगवान लहरी सोडतेय. मोठी चढाओढ आहे."

"ओढ त्यांची," थोरली म्हणाली, "चढ माझा."

"नव्या लहरींची डबी मिळेल का?" रेडिओने विचारलं.

"मागवलीय, अजून आली नाही. सगळेच मागवतायत."

कार्ड घातलं, डबी मोटरीला जोडली. तिच्यावरचा दिवा लाल लुकलुकत राहिला. ओढ्याच्या खोलगटात जुन्या कंपनीची रेंज पोचत नव्हती. थोरलीने डबीवर दोनदा टपली मारली. तिला आता शिव्याही सुचेनात.

रेडिओ तडक बाजाराकडे निघाला. परत आला तेव्हा खांद्यावर घराएवढा बांबू होता आणि हातात मोबाईलवाल्याकडून आणलेली लांब वायर. डबीची शेपटी, म्हणजे रेंज पकडणारी तार, त्याने त्या वायरीने लांबवून बांबूच्या टोकाला बांधली आणि बांबू काठावर उभा धरला.

"आली का?"

"नाही."

"आता?"

"लाल. जरा डावीकडे घ्या. अहो, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे."

"आता?"

दिवा हिरवा झाला. थोरली ओरडली, "हलू नका, भावजी. श्वाससुद्धा जपून घ्या."

बांबू दगडांत पक्का रोवून दोघं वर आली. तिने घरी फोन केला. "लावा."

नवऱ्याने एक दाबलं. खालून मोटरीची घरघर आली आणि थोड्याच वेळात पाइपाच्या तोंडाला पाणी आलं. थोरलीने खोरं उचललं. कोरडी माती पाणी पिताना चुरचुर वाजत होती. एकेक वाफा भरत गेला. बांध एकदाही फुटला नाही. ऊन डोक्यावर आलं तोवर शेवटचा वाफाही तुडुंब झाला. मग तिने फोन केला, "झालं. बंद करा."

पाणी येतच राहिलं. तिने पुन्हा फोन लावला.

"दोन दाबतोय," नवरा कावून म्हणाला. "ती बाई सांगते, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती क्षेत्राबाहेर आहे. व्यक्ती म्हणते मोटरीला."

थोरलीने खाली पाहिलं. बांबू उभाच होता. रेंज कुठे गेली कोण जाणे. रेडिओ तर केव्हाच जेवायला घरी गेला होता. पुन्हा तो उतार उतरायचा म्हटलं तर पाय उचलेनात.

"राहू द्या. भावजींच्या मक्यात वळवते. वीज जाईल तेव्हा होईल बंद."

 पलीकडून नवरा हळूच म्हणाला, "मग मी काय करू?"

"दाबत राहा," ती म्हणाली. "लागला तर मला सांगा."

फोन कमरेला खोचून ती वाकली आणि मक्याकडचं दार मोकळं केलं.