उजवी पट्टी डावीकडे

"बाबा, हात काढा. काढा म्हणते ना!"

"अगं पण स्क्रू खाली पडला..."

"पडू दे. तुमच्यापेक्षा तोच कमी त्रास देतोय."

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली होती आणि चादरीवर बाबांची रेझोनेटर गिटार उताणी पडली होती. पोटात पत्र्याची वाटी, त्यामुळे आवाज साध्या गिटारच्या दुप्पट. डोक्याच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या, एकेका पट्टीवर तीन खुंट्या. तारा चढवायच्या-उतरवायच्या त्या यांनीच. पण खुंट्यांचे दाते झिजले होते. तार चढवली की घसरायची, बाबा शिवी हासडायचे, पुन्हा चढवायचे. लेकीने गाण्यापेक्षा हेच जास्त ऐकलं होतं. शेवटी वैतागून तिनेच नव्या पट्ट्या आणल्या.

लेक इस्पितळात एक्स-रे काढायची. प्रत्येक फोटोवर डावं की उजवं याची खूण ठेवायची. ही खोड घरीही सुटत नसे. नव्या पट्ट्यांवरही तिने कागदाचे तुकडे चिकटवून लिहिलं होतं : 'डावी', 'उजवी'.

*जुने स्क्रू*

एकही सरळ निघेना. खाचा पार चेपलेल्या.

"हे कशाने पिळले होते? दगडाने?"

"तुझ्या आईने. भाजीच्या सुरीने."

आई सगळं सुरीनेच दुरुस्त करायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तिने दुरुस्त केलेल्या वस्तू अजून एकेक करून बिघडत होत्या.

*नवे स्क्रू*

नवी भोकं जुन्या भोकांपासून केसभर बाजूला. लेकीने कपाळावर हात मारला. मग काडेपेटीच्या काड्या गोंदात बुडवून जुनी भोकं बुजवली.

"वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

बाबांनी लावला. बोट चिकटलं.

"बघत होतो वाळलंय का!"

*तार*

पट्ट्या बसल्या. तारा चढल्या. बाबांनी गिटार मांडीवर घेतली, एक सूर छेडला, तोंड वाकडं केलं. "जरा चढलीय." तार उतरवायला त्यांनी खुंटी पिळली.

"बाबा, उलटी पिळताय."

"सुलटीच आहे."

"अहो, ती आणखी चढतेय! उलटी, उल..."

फट्.

तार तुटून बाबांच्या मनगटावर बसली. लाल रेघ उठली. त्यांनी ती चोळलीसुद्धा नाही. गिटार टेबलावर ठेवली.

"कपाटात टाक ही. आणि ड्रमवाल्याला फोन कर. म्हणावं, येऊ नकोस. आजही नको, पुढेही नको."

ड्रमवाले काका म्हणजे हॉटेलातल्या बँडपासूनचे सोबती. दर रविवारी संध्याकाळी यायचे. आठवड्यात तेवढ्याच वेळी बाबा खिडकीजवळच्या खुर्चीतून आपण होऊन उठायचे.

"नाटक नकोय, बाबा. चार दिवसांत हाताला सवय होईल."

"हा हात माझं ऐकत नाही आता. एकदाच शिकवला त्याला, तेव्हा तरुण होता."

"पण मुळात उलटं शिकवलंतच कशाला?"

बाबा तुटलेली तार बोटाभोवती गुंडाळू लागले.

तिने जुन्या पट्ट्या उचलल्या. एक खुंटी फिरवली. पट्टी या बाजूला धरली, मग त्या बाजूला.

"डावी पट्टी उजवीकडे होती. उजवी डावीकडे. म्हणून खुंट्या उलट्या फिरायच्या. आईने अदलाबदल केली!"

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच कळलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मी तापाने पडलो होतो. तिने एकटीने सगळं उघडलं, पुसलं, लावलं. मी उठलो तर ही गिटार घेऊन समोर उभी. सुरी लागून बोट कापलेलं, आणि तोंडभर हसू. म्हणाली, वाजवा." बाबांनी मनगट चोळलं. "तिला काय सांगणार? हातालाच सांगितलं."

लेकीला रागच आला. दोघांचाही. एक माणूस आयुष्यभर उलटं पिळतो आणि दुसऱ्याला पत्ता नाही! असल्या घरात आपण डावं-उजवं शिकलो तरी कसं?

"स्क्रू-ड्रायव्हर द्या."

"आता कशाला?"

"द्या म्हणते ना!"

*सुलटं*

ड्रमवाल्या काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि गिटारच्या डोक्याजवळ वाकले.

"वा, कोऱ्या करकरीत! पण काय हो एक्स-रेवाल्या बाई, 'उजवी' लिहिलंय आणि पट्टी डावीकडे? तुमच्या हातून?"

लेक चादरीवरचा भुसा गोळा करत होती.

"हो काका. चुकलं."

बाबांनी वर पाहिलं नाही. कान नव्या तारेपाशी नेऊन, न बघता, आपल्या सवयीच्या बाजूला त्यांनी खुंटी पिळली. तार चढली, सुरात आली आणि तिथेच थांबली.

त्यांचा हात मात्र थोडा वेळ खुंटीवरच राहिला, तार घसरायची वाट बघत.