कोपऱ्यातल्या टेबलावरची रोपं

तिने ब्लेडने टोमॅटोच्या कोवळ्या खोडाची पातळ चकती कापली, काचपट्टीवर ठेवली आणि वर रंगाचा थेंब सोडला. सूक्ष्मदर्शक तिच्याच कॉलेजने भंगारात काढलेला, हट्टाने रोपवाटिकेत आणलेला.

तिच्या रोपवाटिकेत रोपं माना टाकत होती. वाऱ्याची झुळूकही लागू नये म्हणून तिने चहूबाजूंनी प्लास्टिक ताणलं होतं, रोपागणिक काडीचा आधार दिला होता. तळहाताच्या फोडासारखं जपूनही काडी सोडली की रोप आडवं. ताठ उभी होती ती फक्त कोपऱ्यातल्या टेबलावरची. बियाणं तेच, माती तीच. त्या टेबलाशी बाबा बसायचे.

बाबांनी उभा जन्म कलमं बांधण्यात घालवला. आता उजवा हात सारखा थरथरतो. काल त्यांच्या हातून चांगली फांदी मोडली, तेव्हा ती फटकन बोलून गेली होती, "बाबा, उद्यापासून घरीच बसा." ते नुसतं "बरं" म्हणाले. ते "बरं" तिला अजून टोचत होतं.

आधारावरच्या रोपाच्या पेशी तिने आधी पाहिल्या. भित्तिका कागदासारख्या. मग कोपऱ्यातलं रोप. सालीखालच्या पेशींचे कोपरे भरून आले होते, भित्तिका जाड झाल्या होत्या. स्थूलकोन ऊती. खोडाला वाकू देते, मोडू देत नाही. रोप रोज हललं की ती बळावते, हे तिने कधीकाळी पाठ केलं होतं. पण इथे वारा कुठला?

तिने मान वर केली. बाबा आले होते. टेबलाशी उभे राहून रोपांच्या शेंड्यांवरून हात फिरवत होते, रोजच्यासारखाच, लाडाने. त्या हाताखाली अख्खा ट्रे थरथरत होता.

ती जवळ गेली तसा त्यांनी हात घाईने खिशात घातला.

"चष्मा विसरलो होतो गं. हा निघालोच."

चष्मा नाकावरच होता.

तिने नुकत्याच उगवलेल्या रोपांचा ट्रे उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"हात बाहेर काढा, बाबा."

"अगं, मोडतील."

"नाही मोडत. ती रोपं तुमच्या हातामुळेच उभी राहिलीत. काल मी चुकले."

मग बाबांचा हात हळूच बाहेर आला, थरथरतच. तिने ट्रे आणखी थोडा पुढे सरकवला.