पातेल्याची परीक्षा

बटण आणि तिची आई शेवटी सिस्टरांचं घर सोडून गेल्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, उगीच कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. आता हे विसरून जायचं. अजून कोणी कुठंही गेलेलं नाही. बटण नऊ वर्षांची आहे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बटाटे सोलल्याचं नाटक करते आहे.

तिचं खरं नाव त्या घरात कोणाला आठवत नसे. आई तिला घेऊन आली त्या संध्याकाळी सगळ्या खाटा भरलेल्या होत्या, म्हणून मायलेकींना देणगीच्या कपड्यांच्या खोलीत कोटांच्या ढिगावर निजवलं होतं. सकाळी पोरगी उठली ती गालावर एका ओव्हरकोटाचं चार भोकांचं बटण उमटवूनच. दुपारपर्यंत ते गालावरून गेलं. नाव तेवढं राहिलं.

घर म्हणजे चर्चच्या मागची लांबट, दुमजली इमारत. नवऱ्याच्या हाताला, घरमालकाच्या कुलपाला किंवा नुसत्याच नशिबाला कंटाळलेल्या बाया पोरंबाळं घेऊन तिथं येत. दारात आलेल्या बाईला ‘का आलीस’ असं विचारायचं नाही, ‘जेवलीस का’ असं विचारायचं, हा सिस्टरांचा पहिला नियम. दुसरा नियम लागतच नसे. या नियमापायी एकदा विजेचं मीटर तपासायला आलेली बाई दोन वाट्या सूप पिऊन, पोरांच्या गणवेशांना हुक लावून, दिवेलागणीला आपल्या घरी गेली होती. मीटर तपासायचं राहूनच गेलं.

देणगीत काय येईल याचा भरवसा नसे. एका हिवाळ्यात बंद पडलेल्या कुठल्याशा बड्या हॉटेलाने आपले आंघोळीनंतर घालायचे सगळे झगे पाठवले. पांढरेशुभ्र, जाडजूड, खिशावर सोनेरी मुकुट. तो अख्खा हिवाळा बाया ते झगे घालून भांडी घासत होत्या. घर एखाद्या राजेशाही विश्रामगृहासारखं दिसत होतं, फक्त पाहुण्यांकडे परतीचा पत्ता नव्हता. बटणाला पुढे आयुष्यात श्रीमंती म्हटलं की हेच आठवायचं: मुकुट घातलेल्या बाया, गरम वाफ, आणि कोणाचं तरी पोर कोणाच्या तरी कडेवर.

तर, आईला इस्पितळाच्या धोबीखान्यात इस्त्रीचं काम लागलं आणि बायांत कुजबुज सुरू झाली की ही आता स्वतःच्या पायावर उभी राहिली. बटणाने आईचे पाय नीट न्याहाळले. ते तर पहिल्यापासून तिथंच होते.

पायावर उभ्या राहिलेल्या बाईला घर सोडावं लागे, कारण तिच्या खाटेसाठी दारात दुसरी कोणीतरी उभी असे. पण त्याआधी एक परीक्षा असायची. परीक्षा आहे असं कोणी म्हणत नसे; मोठ्या सिस्टर नुसत्या म्हणायच्या, ‘उद्या सगळ्यांचं सूप तू करशील का गं?’ आणि स्वयंपाकाच्या सिस्टरांना नेमकं त्याच दिवशी डोकं दुखायला लागायचं. बाईने एकटीने त्या पातेल्यात घरभराचं सूप करायचं. पातेलं एवढं मोठं की लपंडावात ते बाद धरलेलं होतं. सूप पंक्तीच्या पसंतीला उतरलं की बाई पास, आठवड्याभरात बाहेर.

आईला तो प्रश्न विचारला गेला आणि बटण हिशोब करायला बसली. बाहेर म्हणजे दोन खोल्या. आई धोबीखान्यात, बटण शाळेतून आल्यावर एकटी, आणि भिंती. इथं भिंतीशी बोलायला वेळच मिळत नसे, मधे कोणीतरी असायचंच.

तिने झगेवाल्या मावशीला गाठलं. मावशीने तो झगा उन्हाळा आला तरी उतरवला नव्हता.

“नापास झालं तर काय होतं?” बटणाने विचारलं.

“राहायचं आणखी सहा महिने. माझं दोनदा करपलं,” मावशी शांतपणे म्हणाली. “आमच्या हाताला यश नाही बाई. म्हणून हात धुऊन इथंच बसलेय.”

म्हणजे मार्ग होता. बटण आधी रीतसर वर गेली, म्हणजे चॅपेलमध्ये. पवित्र मरियेकडे मागणं मागायला तिने हात जोडलेसुद्धा, पण मग लक्षात आलं की ती स्वतः आई आहे, आयांचीच बाजू घेणार. संत योसेफ सुतार. तो उलट त्या दोन खोल्यांच्या दाराला नवी कडीही बसवून देईल. संत अंतोन हरवलेल्या वस्तू शोधून देतो, पण बटणाचं अजून काही हरवलं नव्हतं. हरवायच्या आधी त्याच्याकडे जाता येत नाही, ही त्या खात्यातली मोठीच त्रुटी होती. तिने कोणाचंच नाव न घेता एक मेणबत्ती लावली आणि काम स्वतःच्या अंगावर घेतलं.

म्हणून ती आता उंबऱ्यात बसली होती. आई घामाघूम होऊन पळी फिरवत होती. मधेच पाव आणायला आई कोठीत गेली. बटण उठली, मिठाच्या बरणीत वाटी बुडवली आणि पातेल्यात उपडी केली. एक फेरी ढवळलंसुद्धा. कामात हयगय तिला खपत नसे.

भोजनगृहात सगळे बसले. सिस्टरांनी प्रार्थना म्हटली. बटणाने पहिला चमचा तोंडात घालणाऱ्यांकडे पाहिलं. कोणी थुंकलं नाही. कोणी पाणी मागितलं नाही. झगेवाली मावशी मिटक्या मारत होती. एरवी फक्त पाव खाणाऱ्या एका चिमुरड्याने वाडगा चाटून डोक्यावर टोपीसारखा घातला. बटणाने घाबरत स्वतः चव घेतली.

सूप अमृतासारखं झालं होतं.

तिने आईकडे पाहिलं. आईचा चेहरा चोरी पकडल्यासारखा पडला होता. पास झालेल्या बाईचा असा चेहरा बटणाने यापूर्वी पाहिला नव्हता.

पातेलं घासायला दोघी मागे थांबल्या तेव्हा आईने हळूच विचारलं, “मीठ तू घातलंस?”

बटण पातेल्यात बघत राहिली. पातेलं मोठं होतं, बघायला पुष्कळ जागा होती.

“मी घातलंच नव्हतं,” आई म्हणाली. “मुद्दामच.”

यावर ‘का’ असं कोणीच विचारलं नाही. त्या घराची रीतच नव्हती. आईने ओल्या हाताने पोरीला जवळ ओढलं, आणि दोघी एवढ्या हसल्या की आईला मधेच हुंदका आला आणि बटणाला उचकी लागली.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. उंचीने त्या घरातल्या सगळ्या मोठ्यांत लहान होत्या. पातेल्याशेजारी उभ्या राहिल्या की पातेलंच वरिष्ठ वाटे. आईने एका दमात सगळं कबूल केलं: मीठ घातलं नाही, पोरीने घातलं, म्हणजे परीक्षा रद्द धरा, आम्ही मुळीच तयार नाही.

सिस्टरांनी आपल्या पायघोळ पोशाखाच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली.

“बहुतेक जणी मीठच विसरतात,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी बरोबर ठेवते. वाढायच्या आधी गुपचूप टाकते. आज टाकायला गेले तर आधीच झालेलं.” त्यांनी पुडी परत खिशात ठेवली. “एकीचं राहिलं ते दुसरीने भरून काढलं. आणखी कसली तयारी हवी गं?”

“आणि करपलं तर?” बटणाने विचारलं.

“करपल्यावर माझ्याकडे पुडी नाही,” सिस्टर म्हणाल्या. “मग ती बाई खरंच राहते.”

आठवड्याभराने त्या गेल्या. दोन खोल्या छान होत्या, खिडकीत ऊन यायचं. आईचा हात मात्र मोठ्या पातेल्याला सरावलेला. तिला थोडं काही करताच येईना. वर्षभर जिन्यावरचे सगळे शेजारी आजारी नसताना सूप पीत होते. पहिल्या रात्री बटणाला झोप येईना, कारण कोणी खोकत नव्हतं. मोठ्या सिस्टर दिवे मालवल्यावर प्रत्येक दारापाशी थांबून एकदा खोकत असत, म्हणजे ‘मी आहे’. आईच्या ते लक्षात आलं. ती उठून दाराबाहेर गेली आणि खोकली. तिला जमलं नाही, पण बटण झोपली.

मोठी झालेली बटण आता लिफ्टा दुरुस्त करते. सिस्टरांच्या घरात लिफ्ट नाही, तरी दर रविवारी ती लिफ्ट बघायला जाते. दारात नवी सिस्टर विचारते, जेवलीस का. घरी जेवून आलेली बटण नाही म्हणते. सूप बरं असतं. मग ती मोठ्या सिस्टरांच्या खोलीत जाते. त्या आता खुर्चीतून उठत नाहीत, पण ऐकू सगळं येतं. परवा बटण त्यांच्यापुढे सावधान उभी राहिली आणि घसा साफ करून म्हणाली:

“सविनय विनंती की, अर्जदार ही धडधाकट, कमावती असून तिच्यावर कोणतंही संकट नाही व नजीकच्या काळात येण्याची चिन्हंही नाहीत. तरी सदर बाब तिच्या पात्रतेच्या आड येऊ न देता, अर्जदार व तिची आई यांची जुनी वयं पूर्वलक्षी प्रभावाने लागू करून, दोघींना शेजारशेजारच्या खाटा बेमुदत मंजूर करण्यात याव्यात.”